‘बेटर’ म्हणजे नेमके किती बेटर?

गेल्या हिवाळ्यात आमचे वडील नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला आले होते. एका शुक्रवारी रात्री त्यांच्या पोटात अचानक कळा सुरू झाल्या आणि आम्ही त्यांना घेऊन जवळच्या रुग्णालयात धावलो. निदान मूतखड्याचे झाले. इंजेक्शन दिल्यावर वेदना ओसरू लागल्या, वॉर्डात खाट मिळाली, आणि घरी लहान मुलगी असल्याने मध्यरात्रीनंतर आम्ही परतलो. वडिलांची सारी नोकरी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत गेली. यंत्रांच्या पुस्तिका वाचण्यापुरते इंग्रजी त्यांना चांगले येते, बोलण्याचा सराव मात्र नाही. पहाटे तीनच्या सुमारास रात्रपाळीच्या परिचारिकेने त्यांना विचारले, ‘इज द पेन एनी वर्स?’ त्यांनी आधी प्रश्नाचे उत्तर दिले, ‘नो.’ मग क्षणभर थांबून आपल्याकडून माहितीची भर घातली, ‘बेटर.’

नोंदीत लिहिले गेले, ‘पेन नो बेटर’.

सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा वडील उपाशी होते. वेदना कमी होत नसल्याची नोंद असल्यामुळे त्यांना वेदनाशामकाची आणखी एक मात्रा मिळाली होती, दुसरा स्कॅन ठरला होता आणि त्यासाठी तोंडात काही घ्यायला मनाई होती. डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला तसे वडील चक्रावले. ‘अरे, मी तर बरं वाटतंय असंच सांगितलं होतं ना!’ ते आम्हाला मराठीत म्हणाले. स्कॅनमध्ये काळजीचे काही निघाले नाही, परंतु शनिवारची रात्रही तिथेच काढावी लागली. परिचारिकेला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिने जे ऐकले तेच लिहिले होते. ‘नो’ नंतरचा स्वल्पविराम कानाला ऐकू येत नाही. ऐकू येते ती फक्त थांबण्याची वेळ, आणि भल्या पहाटे, कण्हणाऱ्या रुग्णांच्या खोलीत, तेवढीशी वेळ कोण मोजणार?

स्वल्पविराम असला तर ‘नो’ म्हणजे ‘नाही’. तो काढला की तोच शब्द क्रियाविशेषण होऊन ‘बेटर’ला चिकटतो आणि त्याचा अर्थ होतो ‘शून्याने’. ‘नो बेटर’ म्हणजे शून्याने बरे, म्हणजेच जैसे थे. परिचारिकेच्या प्रश्नातला ‘एनी’ही त्याच जातीचा: ‘काही अंशाने तरी वाढले आहे का?’ असा त्याचा भाव. मराठीत आपण नुसते ‘दुखणं वाढलं का?’ असे विचारतो. तो ‘काही अंशाने’ आपल्याला लागतच नाही, म्हणून आपल्या कानांना तो ऐकण्याची सवयही नाही.

या प्रसंगानंतर तुलना करताना इंग्रजी माणसे ‘बेटर’, ‘वर्स’, ‘फास्टर’, ‘चीपर’ यांच्या आधी जे चिमुकले शब्द लावतात, त्यांच्याकडे आम्ही जरा बारकाईने पाहू लागलो. मच, फार, वे, अ लॉट, अ बिट, ईव्हन, स्टिल, नो, एनी, रादर, स्लाइटली. या शब्दांचा प्रांत काही लहान नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी प्रमाण दाखवणाऱ्या शब्दांवर १९७२ मध्ये ‘डिग्री वर्ड्स’ नावाचा अख्खा ग्रंथ लिहिला. आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे, संगणक अभियंते आहोत. परंतु परक्या भाषेत रोज पोट भरणाऱ्या माणसाला या शब्दांची ठेच कुठे लागते, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे.

पहिली ठेच इथल्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी लागली होती. वीसेक सहकाऱ्यांसमोर आम्ही नव्या प्रणालीचे सादरीकरण करत होतो आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत मथळा होता: ‘द न्यू सिस्टिम इज व्हेरी फास्टर’. समोरून एकाने अगदी सरळ मनाने विचारले, ‘व्हेरी फास्ट म्हणायचे आहे की फास्टर?’ टिंगल करण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याला खरोखरच कळले नव्हते. आमचे कान मात्र तापले. पदव्युत्तर पदवी हाती, आणि पाचवीच्या मुलाची चूक!

पुढे लक्षात आले की ती पाचवीच्या मुलाची चूक नव्हतीच. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. उशिरा सुरू झाले तरी ‘डिग्री’ या प्रकरणाचा रट्टा आम्ही दहावीपर्यंत असा मारला की तो अजून झोपेतही म्हणता येईल. ‘मुंबई इज द बिगेस्ट सिटी’, ‘मुंबई इज बिगर दॅन एनी अदर सिटी’, ‘नो अदर सिटी इज ॲज बिग ॲज मुंबई’. एकाच वाक्याला तीन वेष चढवायचे आणि एकेक गुण पदरात पाडून घ्यायचा. ‘व्हेरी फ्यू’ने सुरू होणारे वाक्य ज्याला जमले तो वर्गातला हुशार. या कवायतीत मुंबई इतर शहरांहून मोठी आहे हे शंभरदा सिद्ध झाले. ती किती मोठी आहे, हे मात्र एकदाही विचारले गेले नाही. ‘बिगर’च्या आधी काय लावायचे हा प्रश्नच प्रश्नपत्रिकेत नव्हता.

मग ती जागा आम्ही मराठीने भरली. मराठीत विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही. ‘हा रस्ता लांब आहे’ आणि ‘त्या रस्त्यापेक्षा हा लांब आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘लांब’ जसाच्या तसा राहतो. तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ उचलतो. हा ‘पेक्षा’ मूळ संस्कृत ‘अपेक्षा’पासून आलेला. विशेषण तेच, तर त्याला जोर देणारा शब्दही तोच: ‘खूप लांब आहे’, ‘त्या रस्त्यापेक्षा खूप लांब आहे’. डोक्यात ‘खूप’ म्हणजे ‘व्हेरी’ अशी जोडी पाचवीतच पक्की बसलेली असते. तेव्हा ‘खूप वेगवान’ म्हणजे ‘व्हेरी फास्ट’, आणि ‘त्यापेक्षा खूप वेगवान’ म्हणजे ‘व्हेरी फास्टर’. तर्क अगदी बिनतोड आहे. फक्त इंग्रजी त्या तर्काने चालत नाही.

इंग्रजीत ही दोन वेगळी मोजमापे आहेत. खोली ‘व्हेरी कोल्ड’ आहे असे म्हणताना आपण ती थंडीच्या एका रूढ खुणेपासून मोजतो. ‘मच कोल्डर’ म्हणताना दोन खोल्यांमधला फरक मोजतो. मग दोन्ही खोल्या चांगल्या उबदार असल्या तरी बिघडत नाही. तुलनेच्या शब्दाआधीची जागा ही मापाची जागा आहे. तिथे ‘टू इंचेस टॉलर’, ‘फाइव्ह इयर्स ओल्डर’, ‘टेन पाउंड्स चीपर’ असे नेमके माप बसते, आणि नेमके माप हाती नसेल तर अंदाजाचे: मच, फार, अ लॉट, अ बिट. ‘व्हेरी’ हे मुळात माप नव्हेच. जुन्या फ्रेंचमधून तो ‘खरा’ या अर्थाने इंग्रजीत आला. ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे ‘तोच तो माणूस’ या प्रयोगात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. गंमत अशी की ‘व्हेरी मच फास्टर’ हे बिनचूक इंग्रजी आहे. तिथे ‘व्हेरी’ मापाला जोर देतो आणि माप तुलनेला. आमच्या त्या मथळ्यात उणा होता तो एक ‘मच’.

हे समजल्यावर आम्ही एक पडताळा करून पाहिला, आणि त्याने आम्हाला चकित केले. मराठीत ‘अत्यंत’ हा शब्द घ्या. ‘तो अत्यंत हुशार आहे’ हे ठीक. आता ‘तो भावापेक्षा अत्यंत हुशार आहे’ असे म्हणून पाहा. जीभ अडखळते. उलट ‘तो भावापेक्षा कितीतरी हुशार आहे’ हे वाक्य सहज उतरते. पण भावाला वगळून नुसते ‘तो कितीतरी हुशार आहे’ म्हटले, तर ऐकणारा ‘कुणापेक्षा?’ म्हणून थांबतो. म्हणजे इंग्रजीतला हा भेद आपल्या भाषेतही आहे, आपल्याला तो उपजत कळतो. केवळ ‘खूप’ हा दोन्हीकडे चालणारा शब्द वाटेत आल्याने तो झाकला गेला. आमच्या पिढीला इंग्रजीच्या शिक्षकांनी एवढेच सांगितले असते की जिथे ‘अत्यंत’ बसते तिथे ‘व्हेरी’ आणि जिथे ‘कितीतरी’ बसते तिथे ‘मच’, तर पुष्कळांचे कान तापायचे वाचले असते. नामांपुढे एवढी खबरदारी घ्यावी, की मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर ‘मच मोअर’ नव्हे, ‘मेनी मोअर’: ‘मच मोअर वॉटर’, पण ‘मेनी मोअर बुक्स’. खात्री नसेल तेव्हा ‘फार मोअर’ म्हणावे. ते दोन्हीकडे चालते.

‘मोअर बेटर’ या दुसऱ्या बदनाम चुकीबद्दलही इथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्या चुकीवरून आपल्या माणसांना फार हसले गेले आहे. ‘बेटर’मध्ये ‘अधिक’ आलेच, पुन्हा ‘मोअर’ कशाला, हा आक्षेप. आज प्रमाण इंग्रजीत तो बरोबर आहे आणि आपण तो पाळावा. परंतु शेक्सपिअरच्या नाटकांत असे दुहेरी प्रयोग सर्रास सापडतात, आणि त्यासाठी त्याला कोणी अडाणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी त्यांच्यावर शिक्का मारला. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणात दुहेरी तुलना अयोग्य ठरवलेली आहे. त्यातही सारे दुहेरी शब्द बाहेर पडले असे नाही. ‘लेसर’ हा ‘लेस’वर पुन्हा तुलनेचा प्रत्यय लावून झालेला शब्द. ‘निअर’ हे मुळात ‘नाय’ या शब्दाचे तुलनेचे रूप, म्हणजे ‘निअरर’ दुहेरीच. हे दोघे सभ्य माणसांत मानाने वावरतात. आपल्याकडेही ‘श्रेष्ठ’ हे संस्कृतातले सर्वोच्च तुलनेचेच रूप. त्यावर पुन्हा ‘तम’ चढवून आपण ‘श्रेष्ठतम’ लिहितो आणि ते भारदस्त वाटते. कोणती दुरुक्ती चूक ठरते आणि कोणती अलंकार, हे पुष्कळदा ती कोणाच्या तोंडी आहे यावर ठरते.

आता त्या मापांकडे वळू. इंग्रजीतली बरीच मापे रस्त्यावरची आहेत. ‘फार’ म्हणजे दूर. ‘वे’ हा ‘अवे’चा तुटलेला तुकडा; ‘वे बेटर’ हे अमेरिकेतून पसरलेले बोलणे. पगाराच्या चर्चेत किंवा अर्जात तो लिहू नये, मित्रांत खुशाल वापरावा. ब्रिटिश माणसाच्या तोंडी ‘माइल्स बेटर’ असते, ‘स्ट्रीट्स अहेड’ असते. ग्लासगो शहराने १९८३ मध्ये आपली मळकट प्रतिमा पुसण्यासाठी मोहीम काढली, तिचे घोषवाक्यच ‘ग्लासगोज माइल्स बेटर’ असे होते. सोबत मुलांच्या पुस्तकांतला हसरा पिवळा मिस्टर हॅपी. भरभर उच्चारले की त्यात ‘स्माइल्स’ही ऐकू येते, ही त्यातली खुबी. कोणापेक्षा ‘माइल्स बेटर’ हे त्यात सांगितलेले नाही. ते एडिनबरावाल्यांनी आपापले समजून घ्यायचे!

मराठी मापे पाहिली तर ती बाजारातल्या तराजूवर आणि घरातल्या माणसांच्या अंगावर सापडतात. ‘काकणभर सरस’ म्हणजे बांगडीच्या जाडीइतके वरचढ. ‘तसूभरही कमी नाही’ यातला तसू हा गजाचा चोविसावा भाग. तिळभर, कणभर, रतीभर, गुंजभर. आणि ज्याची तुलनाच होऊ शकत नाही तो ‘पासंगालाही पुरत नाही’. पासंग म्हणजे तराजूची दोन पारडी समतोल करण्यासाठी हलक्या बाजूला बांधलेले किरकोळ वजन. फरक मोठा असला की आपण अंतर न सांगता गुणाकार करतो: दसपट, शतपट, हजारपट. हा काही पक्का नियम नव्हे. ‘जमीन-अस्मानाचा फरक’ आपल्याकडेही आहेच, आणि इंग्रजीतही शर्यतीच्या घोड्याच्या नाकाएवढ्या फरकाने जिंकता येते. तरीही ‘काकणभर’ला इंग्रजीत काय म्हणावे, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला अद्याप सापडलेले नाही. ‘अ शेड बेटर’ जवळ येते. पण त्यात बांगडी नाही.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. मराठी ‘फार’ आणि इंग्रजी ‘फार’ एकाच जागी, एकाच कामाला उभे दिसतात: ‘फार बरे’, ‘फार बेटर’. दोघांचे नाते मात्र काहीच नाही. आपला ‘फार’ संस्कृत ‘स्फार’पासून, म्हणजे विस्तीर्ण, विपुल. इंग्रजांचा ‘फार’ पलीकडचे दाखवणाऱ्या ‘पर’च्या कुळातला. दोन्ही भाषा तो लाडाने दोनदाही उच्चारतात. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या १८५९ च्या कादंबरीचे शेवटचे वाक्य अशाच जोडीने उभे आहे. आमच्या ओळखीच्या एका आजींना हाच एक शब्द इथे फार उपयोगी पडतो. त्या दुकानात जाऊन दोन भाज्यांकडे बोट दाखवून ‘धिस फार गुड’ म्हणतात, आणि दुकानदाराला अर्थ बरोबर पोहोचतो.

या सगळ्या शब्दांत सर्वांत कावेबाज म्हणावा तर ‘ईव्हन’. ‘मच बेटर’ फक्त फरक सांगतो. ‘ईव्हन बेटर’ मात्र जाता जाता पहिली वस्तूही चांगली होती अशी ग्वाही देतो. ‘ईव्हन वर्स’ म्हटले की आधीचेही वाईटच ठरते. इंग्लंडमधल्या पालकांना हा शब्द मुलांच्या वह्यांत भेटतो. पुष्कळ शाळांत शिक्षक अभिप्रायाचे दोन भाग करतात: आधी ‘व्हॉट वेंट वेल’, मग ‘ईव्हन बेटर इफ’. आमच्या मुलीच्या पहिल्या वहीत ‘ईव्हन बेटर इफ’ पाहून आम्ही तिला रात्री समोर बसवले, चुका कुठे झाल्या ते विचारले, आणि ती रडवेली झाली. आम्हाला त्यात ‘चांगले झाले असते, पण’ असे ऐकू आले होते. शिक्षिकेने लिहिले होते, ‘चांगलेच आहे, याहूनही चांगले होईल, जर’. एका ‘ईव्हन’मध्ये दडलेली शाबासकी आम्ही वाचलीच नव्हती. मंडळाच्या रविवारच्या बालवर्गात इतर पालकांशी बोललो तेव्हा कळले की पोरांना त्या दोन शब्दांपायी बोलणी ऐकवणारे आम्ही एकटे नव्हतो.

मराठी हा ‘ईव्हन’ वेगळ्या जागी ठेवते, म्हणूनही तो निसटतो. ‘याहूनही मोठा’ म्हणताना जोराचा ‘ही’ विशेषणाला न लागता ज्याच्याशी तुलना केली त्याला जाऊन चिकटतो. इंग्रजी माणूस मोठ्याला जोर देतो. आपण ज्याला मागे टाकले त्याला.

कचेरीत हेच शब्द उलट्या वेषात येतात. ब्रिटिश वरिष्ठ तुमचे काम पाहून म्हणतात, ‘इट कुड बी स्लाइटली क्लिअरर’. ‘स्लाइटली’ म्हणजे किंचित, असे शब्दकोशात दिले आहे, म्हणून आम्ही किंचित बदल केले. दोन शब्द इकडचे तिकडे. आठवड्याने तोच मजकूर तीच टिप्पणी घेऊन परत आला, आणि मग एका जुन्या सहकाऱ्याने समजावले की ‘स्लाइटली’ हे इथे सौजन्य आहे, माप नव्हे. मजकूर समजत नाही, पुन्हा लिहा, असा त्याचा अर्थ. ‘अ बिट’चेही तसेच. ‘रादर बेटर दॅन आय एक्स्पेक्टेड’ हे मात्र मोठे कौतुक समजावे आणि घरी येऊन सांगावे. वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर या शब्दांवरून माणसाच्या वाट्याला काय येते ते ठरते. आपल्याकडचे कष्टाळू उमेदवार स्वतःच्या कामापुढे ‘स्लाइटली’ आणि ‘अ लिटल’ लावून ठेवतात, नम्रता म्हणून. वाचणारा ते माप समजून वाचतो.

आमच्या धंद्यात दुसऱ्या टोकाचाही रोग आहे. ‘सिग्निफिकंटली फास्टर’ हा त्यातला आवडता. सांख्यिकीत ‘सिग्निफिकंट’ फरक म्हणजे केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता फारच कमी असलेला फरक; तो आकाराने मोठा असेलच असे नाही. आकडे दाखवताना तो शब्द वापरला की समोर बसलेला सांख्यिक लगेच मान वर करतो. ‘एक्स्पोनेन्शियली बेटर’ तर अर्थशून्यच: घातांकी वाढ वेळेगणिक होत असते, दोन वस्तूंच्या एकाच तुलनेत ती दिसणार कुठून? आणि ‘थ्री टाइम्स फास्टर’? १२ मिनिटांचे काम ४ मिनिटांत होऊ लागले तर बहुतेक जण हेच म्हणतात. शब्दाला चिकटून राहणारा म्हणेल की तिपटीने ‘अधिक’ वेग म्हणजे मूळ वेग अधिक त्याच्या तिप्पट, एकूण चौपट; म्हणजे काम ३ मिनिटांत व्हायला हवे. ‘उत्पन्न तिपटीने वाढले’ या मराठी वाक्यातही हीच फट आहे. आम्ही हल्ली सरळ लिहितो: आधी १२ मिनिटे, आता ४.

एक लहानसा शब्द राहिला. ‘द मोअर द मेरिअर’ यातला ‘द’ आम्ही वर्षानुवर्षे साधा ‘द’ समजत होतो. तो तसा नाही. जुन्या इंग्रजीत ‘तितक्याने’ अशा अर्थाचे एक तृतीयेचे रूप होते, त्याचा हा वंशज. आपल्या ‘जितके, तितके’चा संक्षेपच म्हणा. ‘नेव्हरदलेस’च्या पोटात तोच ‘द’ बसलेला आहे: कशानेही तितके कमी न होता. कचेरीच्या पत्रांत रोज वापरलेला शब्द आतून असा उघडला की एखाद्या जुन्या कुलपाची किल्ली सापडल्यासारखे वाटते.

वडील रुग्णालयातून घरी आले त्या आठवड्यात शेजारच्या वृद्ध बाईंनी कुंपणावरून विचारले, ‘इज युअर फादर क्वाइट बेटर नाऊ?’ ‘क्वाइट’ सहसा तुलनेच्या शब्दाआधी येत नाही; ‘क्वाइट फास्टर’ चालत नाही. आजारपणाच्या या एका बोलण्यात मात्र तो येतो आणि त्याचा अर्थ ‘पूर्ण बरे’ असा होतो. आम्ही अजून शब्दांचा विचार करत होतो तोच आतून वडिलांनी मोठ्याने उत्तर दिले, ‘यस! मच बेटर!’ शनिवारपासून नातीने त्यांच्याकडून ते पाठ करून घेतले होते.

नात मराठी शिकते ती त्यांच्याकडेच. त्या संध्याकाळी तिने दोन हत्तींचे चित्र काढले आणि दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आजोबा, हा सुद्धा मोठा आहे.’ वडिलांनी चष्मा वर केला. दोन्ही हत्ती निरखले. पहिला मोठा होता, दुसरा कागदाबाहेर जायला निघाला होता.

‘सुद्धा नाही गं बाई,’ ते म्हणाले, ‘त्याहूनही मोठा.’

‘त्याहूनही,’ तिने म्हणून पाहिले, आणि तिसरा हत्ती काढायला नवा कागद घेतला.